दौतीतली काजळी आणि कार्बनच्या नळ्या

आमच्या अंबाजोगाईच्या घरी आजोबा स्वतः शाई करायचे. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पालथी वाटी धरून काजळी जमवायची, बाभळीचा डिंक रात्रभर भिजत घालायचा आणि सकाळी दोन्ही खलात घोटत बसायचं. डिंक कमी पडला की दौतीच्या तळाशी काळा गाळ बसायचा, वर नुसतं गढूळ पाणी. प्रमाण जमलं की बोरू सरसर चालायचा. मराठवाड्यातल्या कितीतरी पोथ्या अशाच काजळीच्या शाईनं लिहिल्या गेल्या.

पॉलिमर म्हणजे लांब साखळीचे रेणू. ते कार्बनवर आपोआप रचून बसतात, याला कार्बनवर पॉलिमरची स्वयंरचना म्हणतात, आणि दौतीत घडायची ती हीच. काजळी म्हणजे कार्बनच. तिचे कण पाण्याला टाळतात आणि एकमेकांना चिकटतात. डिंक म्हणजे शर्करेच्या लांब, फांद्या फुटलेल्या साखळ्या, सोबत थोडं प्रथिन. पाण्याला टाळणारा प्रथिनाचा भाग कार्बनला धरतो, फांद्या पाण्यात पसरतात आणि कणांना जवळ येऊ देत नाहीत. घोटणारा फक्त कण सुटे करतो. त्यांच्यावर बसण्याचं काम रेणू आपलं आपण करतात.

१९९१ साली जपानमध्ये सुमिओ इजिमा यांच्या निबंधानं कार्बन नॅनोट्यूबकडे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांकडे, जगाचं लक्ष वेधलं. (तशा नळ्यांची चित्रं सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच छापली होती, तेही नोंदवायला हवं.) १९९३ मध्ये एकपदरी, म्हणजे कार्बनच्या एकाच थराची भिंत असलेल्या नळ्या मिळाल्या, जेमतेम १ नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) व्यासाच्या. अडचण मात्र दौतीतलीच: नळ्यांच्या मोळ्या व्हायच्या, पाण्यात सुटायच्या नाहीत. तीव्र आम्लानं सोडवायला जावं तर नळीची भिंतच बिघडते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली यांच्या गटानं नळ्यांवर पाण्यात विरघळणारे पॉलिमर गुंडाळून त्या सुट्या केल्या. द्रावक बदलला की ही गुंडाळी उलगडते, नळीला धक्का न लागता.

पुढच्याच वर्षी इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात राजदीप बंद्योपाध्याय आणि सहकाऱ्यांनी तर डिंकच घेतला, आफ्रिकेतल्या बाभूळवर्गीय झाडाचा. नळ्या पाण्यात एकेकट्या तरंगत राहिल्या. ते वाचताना आजोबांचा खल माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

२००७ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं दाखवलं की पॉलिमर हव्या त्या नळ्या निवडतोही. पॉलिफ्लुओरीन नावाचा पॉलिमर ठराविक अर्धवाहक नळ्यांनाच बिलगतो. मिश्रण वेगानं फिरवलं की ट्रान्झिस्टरला लागतात त्या नळ्या वर राहतात, आणि धातूसारखी वीज वाहणाऱ्या तळाशी गाळात बसतात.