ठसा की छाप? थडग्यावरची पुसट अक्षरं वाचताना

पुण्यात जुनी ख्रिस्ती दफनभूमी बघायला चार जण गेले की एकजण पिशवीतून कागद काढतोच. "चला, ठसा घेऊ." मग कागद शिळेवर धरून त्यावर पेन्सिल घासतो. हा ठसा नव्हे, ही छाप. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून काढायचो, तीच.

शिलालेखवाल्यांचा ठसा वेगळा. दगड साफ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा आणि ब्रशने ठोकत राहायचं. कागद अक्षरांच्या खोबणीत उतरतो. जरा सुकला की वरून शाईचा बोळा हलकेच टेकवत जायचं. खोबणीत शाई पोचत नाही, म्हणून अक्षरं पांढरी राहतात. छापेतही ती पांढरीच दिसतात, घोटाळा तिथेच होतो. पण छापेचा कागद खोबणीवर ताणलेला असतो, त्यामुळे पेन्सिलीला फक्त कडा कळतात. झिजलेल्या दगडाला नेमकी कडाच उरलेली नसते! हाती येतो राखाडी डाग.

म्हणजे ठसाच घ्यावा? घट्ट काळ्या पाषाणावर, परवानगी काढून, जाणत्या हाताने, जरूर. पोपडे सुटलेल्या शिळेवर मात्र दोन्ही नकोत. एकात घासणं, दुसऱ्यात ठोकणं. पोपड्याबरोबर अक्षरही जातं. (पीठ किंवा शेव्हिंग क्रीम फासणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.) संगमरवरातली शिशाची अक्षरं गळून गेली असतील, तर शिसं पकडून ठेवणारी बारीक भोकं उरतात. तीच जोडत वाचायची.

मी आधी टॉर्च काढतो. शिळेला जवळजवळ चिकटवून बाजूने उजेड टाकला की उभ्या रेघा उठतात, पण ७ च्या इंग्रजी आकड्याची आडवी रेघ बुडते आणि तो १ वाटतो. म्हणून वरूनही उजेड टाकून बघायचं. तरीही साल १७७१ दिसलं तर थांबा: पुण्यात इंग्रजांचा अंमल १८१८ पासूनचा, तेव्हा तो दुसरा आकडा बहुधा झिजलेला ८ असेल.

मेच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी भर दुपारी ऊन डोक्यावरून येतं, तेव्हा वर्षातले बहुतेक दिवस दुपारी सावलीत राहणारी उत्तरेकडे तोंड केलेली उभी शिळाही वरून उजळते. उभ्या रेघांसाठी मात्र त्या दिवशीही टॉर्च न्यावाच लागतो.