व्हाळातलं रानजायफळ

कुंडीत पाणी साचून राहिलं की तुळस आधी पिवळी पडते, मग मरते. ती मरते गुदमरून. मुळांनाही श्वास लागतो आणि पाण्याने गच्च भरलेल्या मातीत हवेला जागाच उरत नाही. सह्याद्रीत मात्र एक झाड जन्मभर चिखलातच उभं राहतं: मिरिस्टिका मॅग्निफिका. पुरणात आपण किसतो ते जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. हे त्याचं आपल्याकडचं रानटी भावंड, आणि आज नामशेष होण्याच्या धोक्यात असलेलं.

त्याची सगळी करामत मुळांत आहे. बुंध्याच्या वरूनच मुळं फुटतात आणि कमानी करत चिखलात उतरतात; मांडवाला टेकू द्यावेत तशी. शेजारी बहुधा त्याचाच नातेवाईक, जिम्नाक्रँथेरा कॅनारिका, असतो. त्याची मुळं चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वळतात आणि परत खाली जातात. सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते. खारफुटी पाहिलेल्याला हे ओळखीचं वाटेल, फक्त इथलं पाणी गोडं.

ही झाडं वाढतात त्या दलदली मुख्यतः केरळ आणि कर्नाटकातल्या. गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई आहे. महाराष्ट्रातली दलदल २०१८ साली अभ्यासकांनी जगासमोर आणली: दोडामार्ग तालुक्यातलं हेवाळे-बांबर्डे. २०२१ मध्ये ती जैवविविधता वारसा स्थळ झाली. क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरसुद्धा नाही. तेवढी तरी उरली, कारण ती देवराई होती. बाकीच्या ठिकाणी काय झालं असेल ते सांगायला नको. बारमाही पाण्याची सपाट जागा दिसल्यावर भात किंवा सुपारी लावायचा मोह शेतकऱ्याला झाला, तर त्याला दोष कसा द्यायचा?

पण एकदा गेलेलं हे रान परत उभं करणं कठीण. भाताचं बी वाळवून कणगीत ठेवता येतं, बीजपेढीत तर कितीतरी वर्षं टिकतं. रानजायफळाचं बी मोठं, ओलाव्याने भरलेलं. सुकलं की मेलं. ते साठवून ठेवायची सोयच नाही. त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. फळं धरतात ती फक्त मादी झाडं, म्हणून मोजायला गेलं तर दहा झाडं दिसतात तेव्हाही बी देणारी त्याहून कमीच असतात.

दोडामार्गात आता रबर आणि अननसासाठी डोंगरउतार मोकळे होत आहेत. उतार उघडा पडला की पावसात व्हाळ, म्हणजे ओढा, मातीने भरतो आणि उन्हाळ्यात लवकर आटतो. जायपत्रीत गुंडाळलेलं बी धनेश पक्षी गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. पण त्याने टाकलेल्या ठिकाणी चिखल असायला हवा ना!