जांभळ्या फुलदाणीचे वय

गेल्या उन्हाळ्यात जळगावच्या जुन्या बाजारात पितळी भांडी आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगातून मला वीतभर उंचीची काचेची एक फुलदाणी मिळाली. विक्रेत्याने ती हातात देताना "गोरा साहेबना बंगलामा व्हती" असे सांगितले, तो बंगला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला असल्याची पुस्ती जोडली आणि पुरावा म्हणून काचेतील फिकट जांभळ्या छटेकडे बोट दाखवले. असा रंग आता कोणी बनवत नाही, असे त्याचे म्हणणे होते. बंगल्याची गोष्ट तपासण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. रंगाची गोष्ट मात्र तपासता येण्यासारखी होती, कारण माझ्या अंदाजाने तो रंग मुळात कोणी बनवलेलाच नव्हता.

निर्मात्याचा शोध बुडापासून सुरू करावा लागतो. डिझाइनची नोंदणी झालेल्या ब्रिटिश मालावर १८४२ ते १८८३ या काळात पत्त्यांतल्या चौकटसारख्या आकाराची खूण असे आणि १८८४ पासून तिच्या जागी नोंदणी क्रमांक आला. 'चेकोस्लोव्हाकिया' असे कोरलेले असेल, तर ती वस्तू १९१८ पूर्वीची असू शकत नाही, कारण त्याआधी त्या नावाचा देशच नव्हता. वस्तू आपल्याकडची असण्याचीही शक्यता असते. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली सुरू झाला होता. माझ्या फुलदाणीच्या बुडावर यांपैकी काहीच नव्हते. दोन बाजूंना साच्याच्या बारीक सांधरेषा होत्या आणि बाहेरच्या नक्षीचा उंचसखलपणा आत बोट फिरवल्यावर जाणवत नव्हता. याचा अर्थ ती साच्यात फुंकलेली नसून दाबून घडवलेली होती.

पुढची चाचणी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर झाली. फुलदाणीचे वजन ६४० ग्रॅम भरले. मग पाण्याचे पातेले काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि फुलदाणी दोऱ्याने टांगून, तळाला न टेकवता, आत हवा न राहू देता पूर्ण बुडवली. काट्याने २५६ ग्रॅम दाखवले, म्हणजे तितके घन सेंटीमीटर पाणी तिने बाजूला सारले. भागाकार २.५ आला. ही साध्या सोडा-चुन्याच्या काचेची घनता आहे. शिसेयुक्त क्रिस्टल काच सुमारे ३ पर्यंत जाते.

आता रंगाकडे वळू. वाळूत लोहाचा अंश असतोच आणि त्यामुळे स्वस्त काच हिरवट दिसते. हा हिरवेपणा घालवण्यासाठी काचकार वितळलेल्या मिश्रणात मँगेनीज डायऑक्साइड टाकत, म्हणून त्याला 'काचेचा साबण' असे नाव पडले होते. मँगेनीज लोहाकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. त्यामुळे निळसर-हिरवे द्विमूल्यी (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) लोह फिकट पिवळ्या त्रिमूल्यी (तीन गमावलेल्या) रूपात जाते आणि मँगेनीज स्वतः जवळजवळ रंगहीन अशा द्विमूल्यी रूपात उरते. या रूपाच्या रंगहीनतेचे कारण मला नेहमीच मोहक वाटत आले आहे. त्याचे पाच बाह्य इलेक्ट्रॉन पाच वेगवेगळ्या कक्षकांत, म्हणजे अणूतील त्यांच्या ठरलेल्या जागांत, एकेकटे आणि एकाच परिवलनदिशेने (स्पिनने) बसलेले असतात. त्यांपैकी एकाला याच कक्षकांत अधिक ऊर्जेच्या जागी वर उचलायचे, तर त्याची परिवलनदिशा उलटावी लागते, आणि प्रकाशाला हे सहसा जमत नाही. म्हणून दृश्य प्रकाश जवळजवळ न शोषला जाता आरपार जातो.

अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली, की अतिनील प्रकाशकण एखाद्या मँगेनीज आयनातून (विद्युतभारित अणूतून) पाचवा इलेक्ट्रॉन उडवतात आणि तो शेजारच्या त्रिमूल्यी लोहासारख्या एखाद्या सापळ्यात अडकतो. मागे चार इलेक्ट्रॉन राहतात आणि एक कक्षक रिकामे होते. आता परिवलनदिशा न बदलता वर जाण्याची वाट मोकळी झाल्यामुळे हिरव्या पट्ट्यातील प्रकाश भरपूर शोषला जातो आणि डोळ्यांपर्यंत जांभळा उरतो. उन्हाने काच जांभळी होते याचा अभ्यास मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या दशकातच केला होता. जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो म्हणून हा रंग उष्णतेने आला असे कोणी म्हणेल, परंतु उष्णतेचे काम नेमके उलट आहे. अशी काच काही शे अंशांपर्यंत तापवली, तर अडकलेले इलेक्ट्रॉन सुटून परत येतात आणि रंग उडून जातो.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील कारखाने मँगेनीज सोडून सेलेनियमकडे वळले आणि ती काच उन्हात जांभळी न होता गव्हाच्या काडासारखी पिवळसर होते. त्यामुळे जांभळी छटा ही जुनेपणाची खूण मानली जाते. अमेरिकेबाहेर मात्र ही सीमारेषा इतकी ठळक नाही. शिवाय मँगेनीजयुक्त काचेवर गॅमा किरण सोडून काही तासांत गडद जांभळा रंग आणता येतो आणि असा माल 'प्राचीन' म्हणून खपवलाही जातो. याच जांभळ्या काचेच्या बाटलीत पाणी भरून, उन्हात ठेवून, ते औषध म्हणून पिणारेही आपल्याकडे आहेत. वर्णन केलेली सारी उलथापालथ काचेच्या आत होते; पाणी पाणीच राहते आणि फार तर कोमट होते.

माझी फुलदाणी गॅमा किरणांनी रंगवलेली नसावी, असे मला एका बारीक गोष्टीवरून वाटते. पांढऱ्या कागदासमोर धरली असता तिच्या पोटावर आगपेटीच्या निम्म्याएवढा एक चौकोन भोवतालच्या काचेपेक्षा किंचित फिकट दिसतो. गॅमा किरण कागदाला जुमानत नाहीत, अतिनील किरण मात्र कागदाने अडतात. तिथे कधीकाळी कागदी चिठ्ठी चिकटवलेली असावी आणि ती बरीच वर्षे टिकली असावी. त्या चिठ्ठीवर कारखान्याचे नाव होते की नुसत्या दुकानाचे, हे त्या फिकट चौकोनावरून कळत नाही.