ओटीपी विचारणाऱ्या फोनची पार्श्वभूमी

बँकेच्या नावाने येणाऱ्या तोतया फोनचा इतिहास बहुधा झारखंडमधील जामताड्यापासून सांगितला जातो. पण त्याचे एक जुने टोक पुण्यात सापडते. २००५ मध्ये पुण्यातील एका कॉल सेंटरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी एका अमेरिकी बँकेच्या ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचे पिन क्रमांक मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांत वळवल्याचे उघड झाले. संगणकात घुसखोरी करण्याची गरज पडली नव्हती, कारण ग्राहकांनी क्रमांक स्वतःच सांगितले होते. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवरील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तिकडच्या नागरिकांना धमकावले जात होते.

भारतीय खातेदार या जाळ्यात कसा आला, हे समजण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा एक नियम पाहावा लागतो. पूर्वी कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर ऑनलाइन खरेदी होत असे. १ ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांना पासवर्ड किंवा ओटीपीसारखी आणखी एक खातरजमा सक्तीची झाली. नियम योग्यच होता, आणि त्यामुळे चोरलेल्या कार्ड क्रमांकांची किंमत घटली. मात्र शेवटची किल्ली आता ग्राहकाच्या मोबाइलवर, काही मिनिटांपुरती येऊ लागली. ती मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच काही मिनिटांत ग्राहकाला बोलते ठेवणे. यंत्रणा जसजशी पक्की होत गेली, तसतसा हल्ल्याचा रोख यंत्रणेकडून माणसाकडे वळला.

जामताडा हा दुमक्यापासून वेगळा करून २००१ मध्ये स्थापन झालेला जिल्हा. या जिल्ह्यातील ज्या करमाटांडमध्ये समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याची अखेरची अनेक वर्षे काढली, त्याच परिसराचे नाव पुढे पोलिसांच्या नोंदींत वारंवार येऊ लागले. दुसऱ्यांच्या नावावरील सिमकार्डे आणि भाड्याने घेतलेली बँक खाती हे या धंद्याचे भांडवल होते. फोनवरची कथा मात्र बातम्यांबरोबर बदलत असे: आधी ‘एटीएम कार्ड ब्लॉक झाले आहे’, मग आधार जोडणी, मग केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीच्या माहितीची पडताळणी. केवायसीची बतावणी इतकी टिकली, याला कारण आहे. ग्राहकाच्या जोखमीनुसार दर २, ८ किंवा १० वर्षांनी ही माहिती अद्ययावत करणे नियमानेच आवश्यक आहे, आणि बँका त्यासाठी खरोखरच संदेश पाठवतात. शिवाय कर्जे आणि कार्डे विकण्यासाठी बँकांच्या वतीने साध्या मोबाइल क्रमांकांवरून फोन येत राहिले, तेव्हा अनोळखी आवाजाला उत्तर देण्याची सवय लोकांना कोणी लावली, हा प्रश्न बँकांनाही विचारायला हवा.

११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआयची घोषणा झाली आणि वर्षअखेरीच्या नोटाबंदीनंतर डिजिटल व्यवहार झपाट्याने पसरले. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देताना लागतो, ही साधी गोष्ट अनेकांना ठाऊक नव्हती. जुने सामान विकत घेण्याच्या बहाण्याने फोन करणाऱ्यांनी ‘पैसे मागण्याच्या’ सोयीचा नेमका तेथेच गैरवापर केला: त्यांनी पाठवलेल्या मागणीवर समोरच्याने पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जात. व्यक्ती-व्यक्तींमधील ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचा निर्णय यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने घेतला. दुसरीकडे, फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्क या, एकाच्या फोनचा पडदा दुसऱ्याला दुरून दाखवणाऱ्या ॲपविषयी सावध केले होते. असे ॲप फोनवर उतरवून घेतले की ओटीपी विचारावाही लागत नाही, तो परस्पर दिसतो.

नुकसान कोणाचे, याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने दिले. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. परंतु गोपनीय तपशील त्यानेच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे. त्यामुळे तत्काळ कळवण्याला महत्त्व आले. २०२१ मध्ये अशी फसवणूक कळवण्यासाठी १५५२६० ही मदतवाहिनी सुरू झाली, पुढे तिचा क्रमांक १९३० झाला. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असतानाच गोठवणे हा तिचा हेतू आहे. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना व्यवहारविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करण्यास सांगितले, म्हणजे खरा फोन ओळखण्याची खूण तोतया फोनची वाढ झाल्यानंतर बऱ्याच उशिरा आली.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांत ओटीपीखेरीज इतर पर्यायांनाही वाव आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या या निर्देशांनुसार, खातरजमेचे नियम न पाळता झालेल्या व्यवहारातील नुकसान बँकेने पूर्ण भरून द्यायचे आहे. सर्व नियम पाळले गेले आणि ओटीपी ग्राहकानेच फोनवर सांगितला, तर मात्र ही तरतूद त्याच्या उपयोगी पडत नाही.