टाळणं आणि सावरणं: बाहेरून दिसतं सेम

"मी आता एकदम ओके आहे, तो विषयच काढत नाही." हे वाक्य ऐकलं की मला उलट धास्ती वाटते. कारण ट्रॉमातून, म्हणजे मनावर बसलेल्या जबर धक्क्यातून, सावरलेला माणूस आणि ट्रॉमा टाळणारा माणूस वरून सारखेच, दोघंही शांत, दोघंही वेळेवर कामाला जातात.

समजा दोघांना बाईकचा अपघात झाला, हाडं जुळली, दोन वर्षं गेली. पहिला त्या चौकातून जाताना अजून हँडल घट्ट धरतो, छाती धडधडते, पण सिग्नल सुटेपर्यंत ती ओसरते आणि तो पुढे जातो. दुसऱ्याने आधी तो चौक सोडला, मग तो रस्ता, मग बाईक, आणि आता मागून ट्रकचा हॉर्न वाजला की घाम फुटतो म्हणून गर्दीच्या वेळी बाहेर पडणंच बंद. गंमत बघा, चौकात धडधड होते ती पहिल्याला, तरी सावरलाय तोच.

टाळलं की लगेच हायसं वाटतं ना, तिथेच घोळ होतो, मेंदू म्हणतो टाळलं म्हणून वाचलो, आणि धोका कधीच संपलाय हे त्याला कळायची वेळच येत नाही. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) नुसार तर मोठ्या माणसात टाळण्याचं एकही लक्षण नसेल तर पीटीएसडीचं (ट्रॉमानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचं) निदानच होत नाही, आणि लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली लागतात.

म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणाला खोदून खोदून विचारत बसू नका. सुरुवातीला बोलावंसं न वाटणं वेगळं. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत होती, तिने पीटीएसडी टळत नाही असं दिसलं आणि ती मागे पडली. आणि मारणारा माणूस अजून घरातच असेल तर लांब राहणं हा शहाणपणाच, त्याला टाळणं म्हणू नये.

पीटीएसडीवरच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर थेरपीत (टाळलेल्या गोष्टींना हळूहळू सामोरं जायचा उपचार) साधारण ८ ते १५ सेशन असतात, घडलेला प्रसंग डोळे मिटून आत्ता घडतोय असा सांगायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी ऐकायचं (हे वाटतं तितकं सोपं नाही, ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्ट हवाच) आणि टाळलेल्या गोष्टींची यादी करून कमी भीतीच्या गोष्टीपासून सुरू करायचं. आपल्या त्या दुसऱ्याच्या यादीत पहिल्या नंबरला बहुधा 'बंद बाईकवर नुसतं बसणं' एवढंच असेल, चौक पार खाली.