कामोनीचं फळ एक खाल्लं तरी माणूस दगावतो?

‘बांधावरची काळी कामोनी विषारी, एक फळ पोटात गेलं की संपलं,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. लेकरांच्या काळजीपोटी पुढं पाठवणाऱ्याची चूक नाही. पण हे खरं नाही.

घोळ दोन वेगळ्या झाडांच्या सरमिसळीचा आहे. युरोपातली बेलाडोना खरोखर जीवघेणी. ती कामोनीच्याच कुळातली, फळही काळंच. पण मराठवाड्याच्या बांधावर ती उगवत नाही.

ओळख देठावर पटते. कामोनीची फळं वाटाण्याहून लहान, एका दांडीला चार-सहा झुपक्यानं लोंबतात. फूल चिमुकलं पांढरं, मधे पिवळं. बेलाडोनाचं फळ एकेकटं, चेरीएवढं, खाली पाच पाकळ्यांचा मोठा हिरवा पेला. फूल जांभळट, घंटेसारखं.

पूर्ण पिकलेली, दाबली की बोटं जांभळी करणारी कामोनी गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. हिरवी मात्र अजिबात नको. तिच्यात सोलॅनिन नावाचं विष असतं, उलट्या-जुलाब होतात. मला खरी भीती त्याचीच वाटते, कारण लेकरं हिरवं-काळं निवडत बसत नाहीत. फवारलेल्या कापसातली पिकलेलीही तोडू नका. ओळख पक्की नसेल तर झाड जाणत्याला दाखवा, चव घेऊन पाहू नका.