अपघाताच्या एफआयआरमध्ये चूक आहे? ‘दुरुस्ती’ नको, पुरवणी जबाब मागा

कोल्हापूरच्या महामार्गावर कर्नाटकातल्या गाड्यांची ये-जा कायमची. केए २२ बेळगावची, केए २३ चिक्कोडीची. अपघातानंतर घाबरलेला माणूस एक नंबर सांगतो, एफआयआर लिहिणारा दुसराच लिहितो. मग ‘एफआयआर दुरुस्त करून मिळावी’ असा अर्ज जातो आणि ठाण्यातून उत्तर येतं, ‘तसं होत नाही.’

उत्तर खरं आहे, पण अर्धंच. एकदा नोंदलेली एफआयआर खोडता किंवा बदलता येत नाही. तपास अधिकारी मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली तुमचा पुरवणी जबाब, म्हणजे आधीच्या जबाबाला जोड देणारा नवा जबाब, घेऊ शकतो, आणि चूक तिथे सुधारून घ्यायची असते. हा दुसरा अर्धा भाग ठाण्यात आपणहून कोणी सांगत नाही. म्हणून अर्जाचा विषयच असा लिहा: ‘गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) अमुक मध्ये पुरवणी जबाब नोंदवून घेणेबाबत’. फिर्याद तुमची नसेल, म्हणजे पोलिसांनी किंवा दुसऱ्या कोणी दिली असेल, तर ‘पुरवणी’ हा शब्द गाळून जखमी किंवा साक्षीदार म्हणून जबाब घ्या, असं म्हणा. मृताचे वारस, गाडीचा मालक, चालक यांनाही असा अर्ज देता येतो.

अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत एफआयआरची प्रत, आधार, आरसी, लायसन्स, विमा पॉलिसी आणि जागेवरचे फोटो जोडा. प्रत फिर्यादीला आणि पीडितालाही विनामूल्य मिळायला हवी, झेरॉक्सचेसुद्धा पैसे देऊ नका. अर्ज ज्या ठाण्यात गुन्हा नोंद आहे तिथेच द्यायचा. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जबाब झाला म्हणून सीपीआरच्या चौकीत हेलपाटे घालू नका.

आता अडतं कुठे ते. कलम १८० च्या जबाबावर तुमची सही घेतली जात नाही आणि त्याची प्रतही लगेच हातात पडत नाही. म्हणजे चूक वेळेत कळवली याचा तुमच्याकडचा पुरावा एकच, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवरचा आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का. नेमका तोच बहुतेकांकडे नसतो. ‘ठेवून जा की, साहेब आले की बघतो’ असं गोड बोलून अर्ज ठेवून घेतला जातो आणि माणूस समाधानाने घरी जातो. पोच मिळत नसेल तर वाद घालू नका, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना द्या.

सगळ्या चुका सारख्या नसतात. नावातली वेलांटी, वय, पत्ता हे सहज निस्तरतं. गाडीचा नंबर, वेळ आणि दिशा मात्र लगेच बघा. पुण्याकडून कागलकडे जाणारी गाडी उलट दिशेने दाखवली की दोषच पालटतो. पंचनाम्यातली जागा चुकली असेल तर फोटो जोडा आणि जवळच्या दुकानाचं किंवा पंपाचं सीसीटीव्ही चित्रण जप्त करण्याची मागणी त्याच अर्जात करा. जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. ‘चूक माझी नव्हती’ हा मात्र मुद्दा आहे, लिहिण्यातली चूक नव्हे. त्याला पुरावाच लागतो.

दवाखान्याचा कागद तर कोणी बघतच नाही. उपचाराच्या पहिल्या नोंदीत, सोबत आलेल्या कोणाच्या तरी सांगण्यावरून, ‘गाडी घसरून पडला’ असं लिहिलेलं असतं आणि विमा कंपनीचा वकील पुढे तेच वाक्य दाखवतो. हे पोलीस बदलू शकत नाहीत. एमएलसी नंबर (दवाखान्यातल्या पोलीस केसच्या नोंदीचा क्रमांक) घालून दवाखान्याला वेगळा अर्ज द्या आणि पुरवणी जबाबातही ती माहिती कोणी दिली होती ते सांगा.

मुदतीचा घोळ सगळ्यात महाग पडतो. १९९४ च्या दुरुस्तीने भरपाईच्या दाव्याची मुदत काढून टाकली होती, त्यामुळे जुनी जाणती माणसं अजून ‘दाव्याला मुदत नसते’ म्हणतात. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) प्रमाणे ती सहा महिने आहे, आणि अपघाताच्या तारखेपासून मोजायची आहे. एफआयआरची, डिस्चार्जची किंवा दोषारोपपत्राची तारीख धरू नका. एफआयआर सुधारेल मग दावा टाकू, असं थांबणं तर मुळीच नको. दावा टाका आणि अर्जाची पोच त्याला जोडा.

पोलिसांनाही वेळ बांधून दिलेली आहे. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत भरपाईचे दावे चालवणाऱ्या मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचा असतो. चुकीचा नंबर एफआयआरमधून थेट तिथे उतरतो, म्हणून सविस्तर अहवालाआधी जबाब होणं बरं. तपास अधिकारी दाद देत नसेल तर उपविभागीय पोलीस अधिकारी, मग अधीक्षक. दोषारोपपत्र दाखल झालं असेल तर अधिक तपासासाठी कलम १९३(९) खालचा अर्ज वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करावा लागतो.

आणि सही करण्याआधी फिर्यादीची शेवटची ओळ बघा: ‘माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ ती टाईप केलेली असतेच, तुम्ही वाचलेलं असो वा नसो. वाचायला वेळ मागा. मजकूर वाचून दाखवल्यावरच सही घ्यायची, हे कायद्यातच आहे.